काशीच्या घाटांचे वय

काशीची जुनी छायाचित्रे पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो असा, की इथे काहीच बदललेले नाही. छायाचित्रकार सॅम्युअल बोर्नने 1860च्या दशकात टिपलेल्या मणिकर्णिका घाटावर पायऱ्या, शिखरे, होड्या आणि लाकडांचे ढीग दिसतात. आजच्या मणिकर्णिकेवरही तेच दिसते. या साम्यामुळे ही छायाचित्रे अनादी नगरीचा पुरावा म्हणून छापली जातात. मला मात्र त्यांची साक्ष उलटी वाटते. ती कालक्रमाने लावून पाहिली, तर काशीचा दगडी नदीकाठ इतिहासाच्या मानाने अलीकडचा, अनेकदा खचलेला आणि माणसांनी पुन्हा पुन्हा उभा केलेला दिसतो. कालातीतपणाचा भास बऱ्याच अंशी त्या काळच्या कॅमेऱ्याने निर्माण केला आहे.

बोर्नच्या काळी काचेवर रसायनाचा थर चढवून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच धुवावे लागे. काच काही सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ उजेडासमोर उघडी ठेवावी लागे. तेवढ्या वेळात जे हलले ते पुसट झाले किंवा उमटलेच नाही. वाहती गंगा काचेसारखी गुळगुळीत दिसू लागली, स्नानाची गर्दी विरळ झाली आणि निश्चल दगड तेवढा ठसठशीत राहिला. त्यात घाट पश्चिम काठावर असल्याने संपूर्ण देखावा पाण्यावरून किंवा समोरच्या वाळवंटातून टिपण्याचा प्रघात पडला. पुढच्या छायाचित्रकारांनीही त्याच जागा निवडल्या. एकच चौकट पिढ्यानपिढ्या गिरवली गेल्यावर शहर बदलत नाही असे वाटणे स्वाभाविकच होते.

पण चौकटीच्या आतले तपशील वेगळे बोलतात. पंचगंगा घाटावरच्या औरंगजेबकालीन मशिदीचे दोन उंच मिनार जवळजवळ प्रत्येक जुन्या छायाचित्रात आहेत. काशीत 1820 ते 1830 या काळात राहिलेल्या जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची डागडुजी केली होती आणि आपल्या चित्रसंग्रहात ते रेखाटलेही होते. 1948 साली त्यातला एक कोसळला, दुसराही पुढे उतरवावा लागला. ज्या खुणेवरून शहर दुरून ओळखू येई, तीच आज क्षितिजावर नाही. राजघाटाकडे 1887 साली डफरिन पूल खुला झाला, आजचा मालवीय पूल. त्याआधीच्या छायाचित्रांत तो नाही. सर्वांत बोलकी साक्ष शिंदे घाटाची. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी 1830च्या सुमारास बांधलेला हा भव्य घाट स्वतःच्याच भाराने खचला. एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांत त्याचे भंगलेले, कललेले दगडकाम स्पष्ट दिसते. आजचा सरळ घाट हे विसाव्या शतकातले पुनर्बांधकाम आहे. मराठी वाचकाला तर हा नदीकाठ परका नाही. ब्रह्मा आणि दुर्गा घाट नारायण दीक्षित पाटणकरांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधले, मणिकर्णिकेचे काम अहिल्याबाई होळकरांनी केले, मुन्शी घाट नागपूरकर भोसल्यांचे कारभारी श्रीधर नारायण मुन्शी यांचा. ज्या दगडांना आपण पुराणकाळाशी जोडतो, त्यांतल्या कित्येकांचे बांधवणारे हिशेबवह्यांच्या काळातले आहेत.

यावर कोणी म्हणेल, की काशीचे माहात्म्य दगडात नसून क्षेत्रात आहे, आणि ते घाटांपेक्षा फार जुने आहे. हे मान्यच केले पाहिजे. पण त्यामुळे माझ्या म्हणण्याला बळच मिळते. श्रद्धा इतकी जुनी आणि पायऱ्या इतक्या नव्या असतील, तर मधल्या काळात प्रत्येक पिढीने पैसा, दगड आणि गवंड्यांचे श्रम ओतून ती जागा टिकवली, असाच त्याचा अर्थ होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही छायाचित्रे युरोपीय ग्राहकांसाठी काढलेली, त्यांच्या आवडीने निवडलेली. त्यांवर इतिहास कसा उभारायचा? विषयाची निवड पक्षपाती होती हे खरेच. परंतु छायाचित्रकाराला हवा होता रमणीय देखावा, आणि काचेवर त्याच्यासोबत उमटला खचलेला बुरूज, पुराने पायथ्याशी साचवलेला गाळ, अर्धवट राहिलेले बांधकाम. हेतूबाहेरचे हे तपशील कोणाला खूश करण्यासाठी टिपलेले नाहीत, म्हणूनच त्यांवर विसंबता येते.

खरी उणीव आहे ती गल्ल्यांची. उंच घरांमधल्या अंधाऱ्या, अरुंद वाटांत त्या काळच्या काचेला पुरेसा उजेड मिळत नसे आणि माल विकत घेणाऱ्यालाही घाटच हवा असे. म्हणून नदीकाठाच्या मानाने गल्ल्यांची जुनी चित्रे तुटपुंजी आहेत. विश्वनाथ मंदिर ते गंगा या पट्ट्यातली दाट वस्ती हटवून 2021 साली नवा प्रशस्त मार्ग खुला झाला, तेव्हा ही उणीव महाग पडली. जे टिपले गेले त्याचे बदल ताडून पाहता येतात. जे टिपले गेले नाही त्याच्या जाण्याची मोजदादही अवघड होते. म्हणून जुन्या चित्राखाली ‘प्राचीन काशी’ एवढेच लिहून थांबू नये. वर्ष, उभे राहण्याची जागा, बांधवणाऱ्याचे नाव आणि नंतर झालेली पडझड व दुरुस्ती तिथे नोंदली पाहिजे. काशी आपोआप टिकली असे मानणाऱ्या समाजाला तिच्या देखभालीची जबाबदारी जाणवणार नाही. ती टिकवावी लागली, हे या छायाचित्रांतून शिकणाऱ्याला मात्र ती जबाबदारी टाळता येणार नाही.