आफ्रिकावाल्या दादी : अंगठ्यापासून अक्षरापर्यंत



इतिहासाच्या तासाला दरवर्षी एखादा विद्यार्थी मला विचारतोच, "सर, आपल्या गावच्या माणसांचा इतिहास पुस्तकात का नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणून आमच्या घराण्यातील एका बुजुर्ग स्त्रीची हकीकत या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणांपुढे ठेवीत आहे. त्या माझ्या आजोबांच्या धाकट्या बहीण. घरातले लहानथोर त्यांना 'आफ्रिकावाल्या दादी' म्हणत.

दादींचा जन्म १९१६ सालचा, दाभोळच्या खाडीकाठच्या एका गावातला. १९३१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांचा निकाह झाला. दूल्हा दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन शहरात दुकान चालवणारा, आपल्याच भागातला. निकाहानंतर दादी बंदरावरून बोटीने मुंबईला, तेथून मोठ्या आगबोटीने डर्बनला आणि पुढे आगगाडीने केप टाऊनला गेल्या. त्यांच्या कागदावर एक फोटो होता आणि सहीच्या जागी अंगठा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. कुराणशरीफ मात्र त्या नाझिरा शिकल्या होत्या.

आपली माणसे तिकडे कशी पोचली, हेही जाणून घेतले पाहिजे. १८६० पासून नाताळमध्ये उसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर करारावर नेले जात. केप टाऊनला गेलेले कोकणी मुसलमान मात्र स्वतःच्या खर्चाने गेले. त्यांत रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गावांचा भरणा मोठा. पुढे केपच्या सरकारने दार आवळले. १९०२ च्या कायद्याने नव्याने येणाऱ्याला एखादी युरोपीय भाषा लिहिता येणे आवश्यक केले. १९०६ साली ज्यूंची यिद्दिश भाषा युरोपीय म्हणून मान्य झाली. मराठी, उर्दू, गुजराती यांना मात्र ती मान्यता नव्हती. विद्यार्थी मित्रांनो, लिहिता येणे आणि न येणे यावर माणसाची भाकरी कशी अवलंबून असते, त्याचा हा दाखला आहे.

१९१३ च्या कायद्याने नव्या हिंदी माणसांना दार जवळजवळ बंदच झाले. तेथे स्थायिक असलेल्यांच्या बायका आणि अल्पवयीन मुले एवढ्यांनाच मुभा राहिली. पण त्याच वर्षी १४ मार्चला केप टाऊनच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. हसन इसप नावाच्या गृहस्थांची पत्नी बाई मरियम हिला उतरू देण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला होता. ज्या धर्मात एकाहून अधिक विवाहांस परवानगी आहे, त्या धर्माप्रमाणे झालेला विवाह या देशाच्या कायद्याला मान्य नाही, असे न्यायालयाने ठरवले. मुसलमानांच्याच नव्हे, तर हिंदूंच्याही विवाहित स्त्रिया एका फटक्यात परक्या ठरल्या. या अपमानाने स्त्रिया सत्याग्रहात उतरल्या. कस्तुरबा गांधींनी सक्तमजुरीची शिक्षा भोगली. आपल्याच जिल्ह्यातील कोतळूकचे सुपुत्र गोपाळ कृष्ण गोखले १९१२ च्या ऑक्टोबरात तेथे जाऊन हिंदी लोकांची गाऱ्हाणी ऐकून आले होते, हेही ध्यानात ठेवावे. अखेर १९१४ च्या कायद्याने एका पत्नीचा विवाह मान्य झाला. दादी केप टाऊनला उतरू शकल्या, त्या या लढ्यामुळेच.

दादींचे घर डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीत, हॅनोव्हर स्ट्रीटजवळ होते. मलायी, हिंदी, आफ्रिकी, ज्यू अशा नाना लोकांची ती दाट वस्ती. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दादी पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या थापीत. तांदूळ महाग झाला की मक्याच्या पिठाच्या. गावाकडून नवखा कोणी आला तर तो पहिल्या रात्री दादींच्याच दस्तरखानावर जेवत असे.

आता जो प्रसंग सांगणार आहे, तो आमच्या घरातला असूनही वर्षानुवर्षे कोणी बोलून दाखवीत नव्हते. दादींनी आपल्या थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या आजोबांना, जबान दिली होती की त्यांचा मुलगा आणि आजोबांची मुलगी यांचा निकाह करायचा. मुलगा वीस वर्षांचा झाला, मुलगी सोळाची झाली, तेव्हा उजाडले १९५३ साल. त्याच साली तेथील गोऱ्या सरकारने कायदा केला की हिंदुस्थानात लग्न करून आणलेल्या बायकांना यापुढे प्रवेश नाही. १९१४ साली जे दार झगडून उघडले, ते पुन्हा बंद झाले. सून तिकडे नेता येईना, आणि आजारी बाप व दुकान टाकून मुलाला इकडे येऊन राहता येईना.

दादींनी शेजारच्या एका गृहस्थांकडून भावाला पत्र लिहवून घेतले. तोंडी त्यांनी सगळे सांगितले. कायदा, आपली मजबुरी, आपले रडणे. लिहिणाऱ्याने रिवाजाप्रमाणे सलाम-दुआ लिहून पुढे एवढेच लिहिले की, हे लग्न जमणे शक्य दिसत नाही, मुलीसाठी दुसरे स्थळ पाहावे. काय लिहिले ते दादींना वाचता येत नव्हते. गावात पत्र चारचौघांत वाचले गेले. आजोबांना वाटले, बहीण पैशाने मोठी झाली, गरीब भावाला विसरली. त्यांनी उत्तर दिले नाही, आणि बोलणे तुटले.

काय घडले ते दादींना दोन वर्षांनी गावाहून आलेल्या एका माणसाकडून कळले. तेव्हा त्या चाळिशीला टेकल्या होत्या. त्यांनी त्याच माणसाकडून बाराखडीचे पुस्तक मागवले आणि एका वृद्ध शिंप्याकडे दुपारी बसून मराठी अक्षरे गिरवू लागल्या. स्वतःची मुले इंग्रजीत हसत. त्या गिरवीत राहिल्या. १९५७ साली त्यांनी भावाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. त्याचेही उत्तर आले नाही.

पुढे ११ फेब्रुवारी १९६६ रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स हा विभाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला. साठ हजारांहून अधिक माणसे तेथून हलवली गेली. घरे पाडली, मशिदी व चर्च तेवढी उभी राहिली. दादींचे कुटुंब हिंदी लोकांसाठी राखलेल्या रायलँड्स भागात गेले. दुकान गेले, गिऱ्हाईक विखुरले. इकडून कोणी जावे तर आपल्या सरकारने निषेध म्हणून १९४६ पासून त्या देशाशी व्यापार तोडलेला, आणि आपले पासपोर्टही तेथे चालत नसत. भावाने बोलावल्याशिवाय दादी येईनात. १९८१ साली आजोबा अल्लाला प्यारे झाले.

११ फेब्रुवारी १९९० रोजी, बरोबर त्याच तारखेला, नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले. २७ एप्रिल १९९४ रोजी दादींनी आयुष्यातले पहिले मत दिले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्या गावी आल्या. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या, मी तिसरीत होतो. माझ्या फुफी, म्हणजे जिचे लग्न मोडले त्या, दारात उभ्या होत्या. दोघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग वडिलांनी आजोबांची पत्र्याची पेटी आणून दादींपुढे ठेवली. तीत १९५७ चे पत्र होते. इतक्या वेळा उघडून मिटलेले, की घड्यांवर कागद फाटला होता. दादींनी ते मला वाचायला दिले. अक्षरे मोठी आणि वाकडी होती. मी अडखळत वाचले, "भाई, कायदा आडवा आला. माझे मन आडवे आले नाही."

फुफींनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "हे पत्र आधी आले असते तर?"

दादी म्हणाल्या, "आधी मला येत नव्हते, बेटी."

दादी १९९९ साली केप टाऊनला अल्लाला प्यारे झाल्या. मी पुढे बी. ए., बी. एड. होऊन शिक्षक झालो. पण माझे पहिले जाहीर वाचन ते होते, आणि इतिहासाचा पहिला धडाही तोच. चार वर्षे आधी लिहिता आले असते, तर भावाबहिणीची अठ्ठावीस वर्षे वाचली असती.

पालकहो, मुलीला चौथीनंतर घरी बसवण्याचा विचार मनात आला, तर हे पत्र आठवावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, यंदाच्या सुटीत आपल्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ वही घेऊन बसा. कोण कधी कुठल्या बोटीने गेले, का गेले, कोणाशी बोलणे तुटले, ते लिहून घ्या. सांगणारा जे सांगेल ते सगळे लिहा. आपल्या सोयीने एक ओळही गाळू नका.