फुलांचा डबा : भंगाराच्या भावापलीकडचं मोल

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. सोसायटीचा इतिहास या स्मरणिकेत इतर मंडळी सांगतीलच. मी सांगणार आहे आपल्या स्वयंपाकघरातल्या एका वस्तूचा इतिहास : फुलाफुलांच्या छपाईचा पत्र्याचा डबा. कुठे माळ्यावर, कुठे सुईदोऱ्यासाठी, कुठे रेशनकार्ड ठेवायला, एखादा तरी आपल्याकडे असेलच.

पोलादाच्या पातळ पत्र्यावर कथलाचा थर, असा हा डबा. थर शाबूत असेपर्यंत गंज चढत नाही. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या हंटली अँड पामर्स या बिस्किटवाल्यांनी १८६८ मध्ये चित्रांचे डबे काढले. १८७५ मध्ये रॉबर्ट बार्कले यांनी पत्र्यावरच्या ऑफसेट छपाईचं पेटंट घेतलं. पत्रा सपाट असतानाच एकेक रंग छापायचा, भट्टीत सुकवायचा, मग कापून-वाकवून डबा करायचा. यामागे व्यापाऱ्याचा पक्का हिशेब होता. बिस्किटं आठवड्यात संपतात, पण देखणा डबा कोणी टाकत नाही. कंपनीचं नाव वर्षानुवर्षं फळीवर राहतं.

आपल्या देशात १९२० मध्ये टिनप्लेट कंपनी निघाली. जमशेदपूरच्या गोलमुरीत तिचा कारखाना. घासलेटच्या डब्यांना लागणारा पत्रा ही तेव्हाची मोठी गरज होती. १९३७ मध्ये डालडा आला आणि त्याचा पिवळा डबा घरोघरी पोचला. कोल्हापुरात रिकामा डबा कधी वाया गेला नाही. डालड्याच्या डब्यात तुळस लागली, घासलेटच्या डब्याला कडी लावून पाणी भरलं. फुलांच्या डब्याचा मान मात्र वेगळा. तो पाहुण्यांना दिसेल अशा फळीवर. आत दिवाळीचा चिवडा नाहीतर चकल्या. एकात एक बसणारे डब्यांचे संच लग्नाच्या रुखवतातही मांडत. पुढे स्टील आलं, मग प्लास्टिक, आणि फुलं माळ्यावर गेली.

बँकेत आम्ही सोनं तारण घेताना वजन आणि कस बघायचो. डब्याला असं दरपत्रक नाही, तरी पारख करता येते. झाकण मूळचंच आहे का? रंग किती टिकलाय? तळाला कंपनीचं नाव आहे का? संच पुरा आहे का? पुसट झालेली फुलं नव्या रंगाने रंगवलीत तर मोल वाढत नाही, उलट घटतं. राखेने किंवा तारेच्या घासणीने घासू नका. मऊ कोरडं फडकं पुरे. पुराचं पाणी लागलंच, तर लगेच कोरडा करा. आणि जुन्या डब्यांचे सांधे जोडायला शिसं वापरलेलं असू शकतं, तेव्हा खाऊ आता त्यात ठेवू नये.

पारखीचा शेवटचा मुद्दा मात्र कुठल्याच पुस्तकात बसत नाही. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आपल्याच एका विंगमधून असा डबा भंगारात निघाला होता. झाकणाच्या आत काकूंनी पेन्सिलीने दुधाचा हिशेब मांडलेला : तारीख, शेर, बाकी. काकू आता नाहीत. भंगारवाला त्याचे दहा रुपये देत होता. घरातल्या बायकांनी संसार कसा चालवला, याची खातेवही कुठे सापडायची? ती अशाच झाकणांत असते.

पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी असं घरगुती सामान जन्मभर जमवलं आणि १९७५ मध्ये सरकारला दिलं. आज ते संग्रहालय बघायला लोक लांबून येतात. आपण कोल्हापूरला कलापूर म्हणतो. बाबूराव पेंटरांचं नाव अभिमानाने घेतो. मग घरातल्या या छापील फुलांकडेही कलेच्या नजरेने बघायला काय हरकत आहे?

कमिटीला माझी विनंती आहे : हॉलमध्ये काचेचं एक कपाट ठेवावं. आणि तुम्हा सर्वांना एवढंच सांगणं, की डबा भंगारात देण्याआधी झाकण उघडून आत बघा, घरातल्या वडीलधाऱ्यांना तो कुठून आला ते विचारा, आणि ते चिठ्ठीवर लिहून डब्यातच ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवरच हे काम होण्यासारखं आहे.