वऱ्हाडचा कापूस आणि विलायतेची व्यापारनीति

यवतमाळहून अमरावतीकडे जाणाऱ्या सडकेवर नेर हें गांव आहे. नेर-परसोपंत या जोडनांवानेंही तें ओळखलें जातें. भोंवतालची जमीन काळी व पावसावर अवलंबून असणारी. तींत ज्वारी आणि तूर होते. परंतु रोख पैसा देणारें पीक म्हणजे कापूस. बोंडें फुटूं लागलीं कीं वेचणी सुरू होई आणि भरलेल्या बंड्या बाजाराची वाट धरीत. त्या बंडीवरील शेतकऱ्याला भाव कोण ठरवितो असें विचारलें असतें, तर त्यानें अडत्याकडे बोट दाखविलें असतें. अडत्यानें मुंबईच्या बाजाराकडे, आणि मुंबईकरानें लिव्हरपूल व ओसाका या शहरांकडे. परंतु दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत, म्हणजे १९१९ ते १९३९ या काळांत, या साखळीचें आणखी एक टोंक लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत होतें. तेथें झालेले निर्णय नेरच्या शेतापर्यंत कसे पोंचले, हें पाहिलें म्हणजे त्या काळची ब्रिटिश व्यापारनीति जितकी स्पष्ट होते तितकी ती कायद्यांच्या यादीवरून होत नाहीं.

वऱ्हाड प्रांत निजामानें १८५३ सालीं इंग्रजांच्या हवालीं केला. १९०२ च्या करारानें तो सालिना २५ लाख रुपयांच्या खंडणीवर कायमचा त्यांच्या ताब्यांत राहिला व पुढच्या वर्षीं मध्यप्रांताला जोडला गेला. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वेळीं विलायतेला कापूस मिळेनासा झाला, तेव्हांपासून या मुलुखाचें कापूस हेंच भाग्य ठरलें. अमरावतीच्या नांवावरून येथील कापसाला व्यापारांत ‘उमरा’ हें नांव पडलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी लहान मापाची आगगाडी दारव्ह्यावरून धांवूं लागली; तिचा कारभार किलिक निक्सन या इंग्रज पेढीकडे होता. कारंज्याचा बाजार १८८६ सालींच सरकारी नियमांखालीं आला होता, आणि १८९७ च्या कायद्यानें वऱ्हाडांतील इतर बाजारांनाही तशी शिस्त लागली. वजन आणि अडत यांना येथें इतर प्रांतांच्या आधीं नियम मिळाले. भावाला मात्र असा कोणताच नियम नव्हता.

वऱ्हाडी कापूस आंखूड धाग्याचा. लँकेशायरच्या चात्या लांब धाग्याच्या अमेरिकन कापसासाठीं बसविलेल्या असल्यामुळें विलायतेंत त्याला मागणी थोडी होती. जपानी गिरण्यांनीं मात्र निरनिराळ्या जातींचा कापूस मिसळून कातण्याची कला साधली होती. त्यामुळें पहिल्या महायुद्धानंतर हिंदी कापसाचें सर्वांत मोठें परदेशी गिऱ्हाईक जपान हेंच झालें. येणेंप्रमाणें वऱ्हाडचें राज्य लंडनच्या हातीं आणि वऱ्हाडच्या मालाचें गिऱ्हाईक पूर्वेकडे, अशी विलक्षण स्थिति उत्पन्न झाली. पुढील सर्व अडचणींचें मूळ हेंच होय.

पहिला मोठा निर्णय हुंडणावळीचा. ब्रिटननें १९२५ सालीं पौंडाला युद्धापूर्वीच्या दरानें पुन्हां सोन्याशीं बांधलें. त्याच सुमारास नेमलेल्या हिल्टन यंग कमिशननें रुपयाचा दर १६ पेन्सांऐवजीं १८ पेन्स ठरवावा अशी शिफारस केली. कमिशनचे एक सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनीं आपला विरोध स्वतंत्र मतपत्रिकेनें नोंदविला. तरी १९२७ च्या कायद्यानें १८ पेन्सांचाच दर कायम झाला. या दोन पेन्सांचा अर्थ एका हिशेबानें कळेल. विलायतेच्या बाजारांत एक खंडी रुईला १२ पौंड मिळतात असें धरलें, तर १६ पेन्सांच्या दरानें त्यांचे १८० रुपये होतात व १८ पेन्सांच्या दरानें १६०. वीस रुपये कमी झाले. पण शेतसारा रुपयांत ठरलेला, तोही लांब मुदतीचा, आणि सावकाराचें व्याजही रुपयांतच. ते एका आण्यानें कमी झाले नाहींत.

सरकार पक्षाचें म्हणणें असें कीं, देशांतील किंमती नव्या दराशीं अगोदरच जुळल्या आहेत, आणि चढ्या दरामुळें बाहेरून येणारा माल रयतेला स्वस्त मिळतो. या म्हणण्यांत तथ्य अजिबात नव्हतें असें नाहीं. शेतकरी राकेल आणि कापड विकतही घेत होता. परंतु दुसरें कारणही तितकेंच खरें होतें. पेन्शनें, कर्जावरील व्याज इत्यादींसाठीं हिंदुस्थान सरकारला दरसाल पौंडांत रक्कम पाठवावी लागे, आणि रुपया जितका महाग तितके त्यासाठीं रुपये कमी लागत. सरकारचा फायदा व कापूसवाल्याचा तोटा एकाच आंकड्यांत सांठविलेले होते.

१९२९ च्या अखेरीस जगभर मंदी आली. १९३१ सालीं अमेरिकेंतही कापूस रत्तलामागें सहा सेंटांच्या आसपास उतरला. दोन वर्षांपूर्वीं तो सोळांच्या वर होता. ही घसरण लंडननें घडवून आणली नव्हती, आणि दोन पेन्सांच्या वादानें तिचा उलगडाही होत नाहीं. दोष द्यावयाचा तो इतकाच कीं, भाव कोसळत असतां दर हलविण्याचा उपाय हातांत असूनही वापरला गेला नाहीं. त्याच काळांत, १० जुलै १९३० रोजीं, लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसदजवळ राखीव रानांतील गवत कापून जंगल सत्याग्रह केला. गवताच्या पेंढीवरून उभा राहिलेला लढा मंदींतील शेतकऱ्याला समजावून सांगावा लागला नाहीं.

२१ सप्टेंबर १९३१ रोजीं ब्रिटननें स्वतः सोन्याचा संबंध सोडला व आपलें चलन घसरूं दिलें. रुपयाला मात्र तें स्वातंत्र्य मिळालें नाहीं. तो १८ पेन्सांनीं पौंडाशींच बांधलेला राहिला. पौंडाबरोबर रुपयाही उतरल्यानें सोन्याचा भाव चढला. १९२७ च्या कायद्यांत तोळ्याचा दर सुमारें सव्वाएकवीस रुपये होता; कांहीं वर्षांत तो तिसावर गेला. तेव्हां खेड्याखेड्यांतून सोनें बाहेर पडूं लागलें. पाटल्या, पुतळ्या, एकदाणी सराफाकडे गेलीं आणि मुंबईच्या बंदरांतून आगबोटींत चढलीं. त्या दशकांत सुमारें तीनशे कोटी रुपयांचें सोनें देशाबाहेर गेलें. चढ्या भावाचा हा नफा आहे असें अधिकारी म्हणत. हें संकटाचें सोनें आहे असें टीकाकार म्हणत. कांहींनीं नफ्यासाठीं विकलें असेल. पण ज्याचा कापूस सारा भरण्यासही पुरला नाहीं, त्याच्या घरांतील डाग मोडला जाणें याला नफा म्हणतां येत नाहीं. या सोन्यानें लंडनची देणीं मात्र वेळेवर भागलीं.

यानंतर आलें साम्राज्यांतर्गत सवलतींचें धोरण. खुल्या व्यापाराचा शंभर वर्षांचा अभिमान बाजूस ठेवून ब्रिटननें १९३२ च्या आरंभीं आयातीवर सर्वसाधारण जकात बसविली, आणि त्याच उन्हाळ्यांत ओटावा येथें साम्राज्यांतील देशांशीं सवलतींचे करार केले. त्यांत हिंदी कापसाच्या वांट्याला काय आलें? कच्च्या कापसावर विलायतेंत जकात नव्हतीच, तेव्हां सवलत कसली देणार! त्याचा खप वाढविण्यास मदत करण्याचें आश्वासन मिळालें, आणि पुढें लँकेशायरमध्यें त्यासाठीं एक कमिटीही नेमली गेली. तिनें कांहीं काम केलें. परंतु गिरण्यांचीं यंत्रें ठरावानें बदलत नाहींत.

उलट बाजूला जपानी कापडाशीं टक्कर तीव्र झाली. ब्रिटिशेतर कापडावरील जकात ऑगस्ट १९३२ मध्यें शेंकडा ५० व जून १९३३ मध्यें शेंकडा ७५ झाली. यांत मुंबईच्या गिरण्यांचा लाभ होता, लँकेशायरचाही होता. जपानी गिरणीवाल्यांनीं उत्तर दिलें तें हिंदी कापसावर बहिष्कार घालून. कापडाच्या भांडणाचा दंड कापूस पिकविणाऱ्यावर पडला. अखेर १९३४ मध्यें तडजोड झाली: जपाननें दहा लक्ष गांठी घेतल्या तर साडेबत्तीस कोटी वार कापड, आणि पंधरा लक्ष घेतल्या तर चाळीस कोटी वार, असें प्रमाण ठरलें व जकात पुन्हां ५० वर आली. ऑक्टोबर १९३३ मध्यें मुंबईच्या गिरणीमालकांतर्फे मोदी व लँकेशायरतर्फे क्लेअर-लीस यांनीं आपसांत करार केला होता. वाटाघाटींत गिरणीवाले होते, मुत्सद्दी होते. ज्याच्या गांठींचा हिशेब चालला होता त्या रयतेचा आवाज मात्र तेथें क्षीण होता.

मध्यवर्ती कायदेमंडळानें १९३६ सालीं ओटावा करार रद्द करण्याचा ठराव केला. १९३९ च्या नव्या करारांत लँकेशायरच्या कापडावरील जकात त्याच्या हिंदी कापसाच्या खरेदीशीं जोडली गेली. वऱ्हाडचा मुद्दा मान्य झाला, पण तोंवर युद्ध दाराशीं आलें होतें. मध्यप्रांत-वऱ्हाडांत १९३३ व १९३९ सालीं कर्जतडजोड आणि कर्जनिवारणाचे कायदे झाले. अर्थात् घाव पडल्यानंतरची ती मलमपट्टी होती.

एवढ्यावरून सर्व दुःखाचें खापर एका धोरणावर फोडणें न्याय्य होणार नाहीं. मंदी जगाची होती, आणि जकातीच्या भिंती प्रत्येक राष्ट्रानें उभारल्या. फरक इतकाच कीं, ब्रिटननें संकटांत आपल्या चलनाचा व जकातीचा उपयोग आपल्या लोकांसाठीं केला; नेरच्या शेतकऱ्याच्या नांवानें तसें करणारें कोणी नव्हतें. आणि एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्या १८ पेन्सांच्या दराविरुद्ध इतकें रान उठलें, तो दर १९४७ नंतर आपल्याच सरकारांनींही १९६६ पर्यंत पाळला. दराचा आंकडा तोच राहिला. बदलला तो ठरविणारा हात, आणि त्याला जाब विचारण्याचा अधिकार. नेरच्या बंडीवाल्याला पूर्वीं नव्हता तो हाच.