सैनिकांच्या हाडा-स्नायूंच्या इजा : धोका व बरे होण्याचे मूल्यमापन

हाडे, सांधे, स्नायू, कंडरा आणि अस्थिबंध यांना सैनिकी प्रशिक्षणात होणाऱ्या इजांचा अंदाज आधी कसा घ्यायचा आणि इजा झालेला जवान पुन्हा पूर्ण ड्युटीला केव्हा लावायचा, हा लष्करी वैद्यकाचा एक जुना व अजून पुरता न सुटलेला विषय आहे. या इजा बहुतेक कमरेखालच्या असतात. नडगी, गुडघा, घोटा आणि पाऊल यांना त्यांचा सर्वाधिक फटका बसतो. पडून-आपटून होणाऱ्या इजांपेक्षा रोजच्या धावण्याने, कवायतीने आणि पाठीवरच्या पिट्ठूने हळूहळू साठत गेलेल्या इजाच रंगरुटांमध्ये अधिक आढळतात.

त्यांतली सर्वांत अभ्यासलेली इजा म्हणजे ताण-अस्थिभंग. प्रशियाच्या सैन्यातील शल्यचिकित्सक ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन केले. आत नेमके काय मोडले आहे, हे मात्र क्ष-किरणांचा शोध लागल्यावर, १८९७ मध्ये दिसले : पावलाच्या लांब हाडाला तडा गेलेला होता. ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव त्या कुचावरूनच पडले. हाडावर नवा भार आला की शरीर आधी जुने हाड पोखरते आणि मग नवे भरते. पोखरणे झाले आहे, भरणे व्हायचे आहे, अशा मधल्या काही आठवड्यांत हाड सर्वांत कच्चे असते, आणि प्रशिक्षणाचा जोर वाढतो तोही नेमका याच सुमारास. इस्राएलमध्ये २९५ पायदळ रंगरुटांवर केलेल्या आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३१ टक्के जणांना असे अस्थिभंग आढळले. त्यातले बरेच जण निमूटपणे चालत होते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे साधा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, म्हणून संशय असेल तर एमआरआय करतात. मांडीच्या हाडाच्या मानेला, विशेषतः तिच्या वरच्या बाजूला गेलेला तडा सर्वांत घातक. तो सरकला तर खुब्याचे कायमचे नुकसान होऊ शकते.

धोका कोणाला, याचे ठोकताळे फार चमकदार नाहीत. आधी झालेली इजा, धावण्याचा कमी दम, तंबाखू आणि अंतर एकदम वाढवणे, ही कारणे वेगवेगळ्या सैन्यांच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा पुढे येतात. ऑस्ट्रेलियात १,५३८ रंगरुटांवर केलेल्या प्रयोगात (२०००) व्यायामाआधी स्नायू ताणल्याने इजा कमी झाल्या नाहीत. कमी दमाचे जवान मात्र जास्त जखमी झाले. पावलाची ठेवण पाहून बूट वाटण्याची कल्पनाही अमेरिकी सैन्याच्या चाचण्यांत टिकली नाही. ठरावीक हालचाली करवून गुण देणाऱ्या चाचण्या लोकप्रिय आहेत. पण कमी गुणांचे अनेक जण ठणठणीत राहतात आणि चांगल्या गुणांचे अनेक जण जायबंदी होतात. आपल्याकडे तर धोका प्रशिक्षण केंद्राच्या फाटकाबाहेरच सुरू होतो. भरतीच्या १,६०० मीटर धावेसाठी गावोगावची मुले पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात आणि दुखरी नडगी घेऊनच बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रासारख्या ठिकाणी दाखल होऊ शकतात. महिला रंगरुटांत ताण-अस्थिभंगाचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असते. २०२२ पासून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुली शिकू लागल्या आहेत, त्यामुळे ही बाब आता महाराष्ट्राच्या दारातली आहे.

हाड भक्कम राहते ते ताटावरही. सैन्याच्या शिध्यावरचे भारतातले बरेचसे संशोधन म्हैसूरमध्ये झाले. तेथे चेलुवांबा महालात १९५० मध्ये केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली आणि १९६१ मध्ये त्याच शहरात संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. टिकाऊ चपात्या आणि पाकिटबंद तयार जेवण ही या प्रयोगशाळेची ओळख. शिध्याचे काम सहसा उष्मांक आणि टिकाऊपणा यांच्या अंगाने सांगितले जाते, पण त्याचा हाडांशीही संबंध आहे. अमेरिकी नौदलाच्या ५,२०१ महिला रंगरुटांवरील चाचणीत (२००८) रोज २,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० एकक ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत ताण-अस्थिभंग सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले. बूट बदलून जे साधले नाही ते गोळीने थोडेफार साधले.

मूल्यमापनातील खरी अडचण यंत्राची नसून जवानाच्या तोंडची आहे. सिक रिपोर्ट केला तर बॅच सुटेल, प्रबोधिनीत असेल तर टर्म जाईल, उस्ताद कामचुकार म्हणेल. म्हणून दुखणे लपवले जाते. एमआय रूममध्ये, म्हणजे वैद्यकीय तपासणी कक्षात, जवान येतो तो लंगडायला लागल्यावर. ‘कुठे दुखते’ यापेक्षा ‘केव्हापासून दुखते’ हा प्रश्न डॉक्टरला अधिक सांगून जातो.

बरे झाल्याचा निवाडा भारतीय सैन्यात ‘शेप’ (SHAPE) या पाच अक्षरी वर्गवारीत होतो. त्यातील ‘ए’ हातापायांसाठी. १ म्हणजे सर्व कामांस योग्य. अंक वाढत जातो तशी बंधने वाढतात. खाली उतरवलेल्या जवानाला ‘कॅटेगरी लागली’ असे म्हणतात, आणि मुदतीनंतर वैद्यकीय मंडळ त्याला पुन्हा तपासते. चांगल्या पद्धतीत केवळ दिवस मोजत नाहीत. बोटाने दाबल्यावर दुखू नये, वेदनेविना चालता यावे, मग एका पायावर उड्या मारता याव्यात, दोन्ही पायांची ताकद जवळजवळ सारखी असावी, आणि त्यानंतरच चालणे-धावणे आलटूनपालटून व भार थोडाथोडा. नडगीच्या साध्या तड्याला सहसा सहा ते आठ आठवडे लागतात. खुब्याजवळच्या तड्याला बरेच अधिक.

पूर्ववत होणे शक्य नसते तेव्हा पुण्याची वाट धरली जाते. तेथील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून चालते आणि खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून. पण खडकीचे केंद्र सुरू होण्याआधीच, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी मुष्टियुद्ध सोडून पोहणे धरले. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पार करून सुवर्णपदक मिळवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.