राशनचं किट आणि जुकी मशीन

मागच्या रमजानमध्ये आमच्या शाळेत राशन किटचं वाटप होतं. तांदूळ, डाळ, तेल, खजूर, शेवया. माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाची आई किट घेऊन निघाली आणि दारातून परत आली. म्हणाली, "टीचर, अल्लाह आपको जज़ा दे. मगर ये तो पंद्रह दिन में खतम हो जाएगा. एक जुकी मशीन मिल जाती, तो मैं अगले साल लाइन में नहीं आती."

ती बॅगच्या कारखान्यातून माल आणून घरी पीसवर शिलाई करते. मशीन शेठचं आहे, भाडं मजुरीतून कापलं जातं. मी तिला काहीच उत्तर देऊ शकले नाही. घरी येऊन मात्र विचार करत राहिले की आपल्या मोहल्ल्यांत हे मागणं नवं आहे का? इतिहास पाहिला तर नाही.

भायखळा-मदनपुरा भागातले मोमीन विणकर १८५७च्या उठावानंतरच्या दशकांत आझमगड, मऊ, बनारसकडून इथे आले. गिरणीच्या स्वस्त कापडाने हातमागाचं कंबरडं मोडलं होतं, आणि उठावानंतर तिकडे जगणं कठीण झालं होतं. काहींनी इथेही हातमाग लावले, बरेच जण गिरण्यांच्या साचेखात्यात शिरले. गिरणगावाच्या इतिहासात मराठा कामगारांबरोबर हे जुलाहेही होते, हे आपण विसरतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि पुढे गिरण्याच बंद पडत गेल्या. ज्यांच्या हातात धाग्याचं कसब होतं, त्यांची मुलं बॅग, पर्स, जरी, भंगार अशा कामांत पांगली. कसब होतं, पण त्याचं प्रमाणपत्र नव्हतं, आणि स्वतःचं काही सुरू करायला भांडवलही नव्हतं.

या तिन्ही गोष्टींचा, म्हणजे शिक्षण, हुनर आणि भांडवल यांचा विचार आपल्याच शहरात आपल्याच लोकांनी फार आधी केला होता. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे भाऊ कमरुद्दीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. १८८० साली तिची पहिली शाळा सुरू झाली. त्या काळी इंग्रजी शिक्षणाबद्दल समाजात मोठा संशय होता. तरी या मंडळींना दिसत होतं की कचेरी, कोर्ट, बंदर, रेल्वे इथली दारं या शिक्षणाशिवाय उघडणार नाहीत.

दुसरा टप्पा हुनराचा. मोहम्मद हाजी साबू सिद्दीक हा मुंबईतल्या श्रीमंत मेमन घराण्यातला तरुण. १९०८ साली अगदी कमी वयात वारला. त्याच्या दानातून क्रॉफर्ड मार्केटजवळ हाजींसाठी मुसाफिरखाना उभा राहिला, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच नावाने १९३६ साली भायखळ्यात तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली, तिचं मोल मला जास्त वाटतं. मुसाफिरखान्यातला प्रवासी हजला निघून जातो. यंत्रावर हात बसलेला मुलगा मात्र घराची चूल चाळीस वर्षं पेटती ठेवतो. सवाब दोन्हीत आहे, पण दुसऱ्यात पुढची पिढीही आहे.

तिसरा टप्पा भांडवलाचा. १९३९ साली झैन रंगूनवाला यांनी बॉम्बे मर्कंटाइल को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन केली. सहकारी बँकेचं महत्त्व महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. ज्याच्याकडे गहाण ठेवायला बंगला नाही, त्या छोट्या दुकानदाराला आणि कारागिराला त्याच्या ओळखीच्या माणसांच्या भरवशावर कर्ज मिळू शकतं, हीच सहकाराची मूळ कल्पना. व्याजाच्या प्रश्नावर आपल्यात मतभेद आहेत आणि राहतील. पण बँक नाही म्हटल्यावर कारागीर कर्जाशिवाय राहत नाही, तो सावकाराकडे किंवा शेठकडे उचल घेतो. मग त्याचं कसब शेठकडे गहाण पडतं.

हे जुनं दुखणं नाही. २००६ साली न्यायमूर्ती सच्चर समितीचा अहवाल आला. त्यात दिसलं की मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारात आहेत, हिंदूंमध्ये हे प्रमाण सुमारे ५५ टक्के. म्हणजे आपल्याला पगारदारांपेक्षाही जास्त गरज कर्जाची. आणि त्याच अहवालात नोंद आहे की काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्यांना 'नकारात्मक क्षेत्र' ठरवून ठेवलं होतं, तिथे कर्ज सहज मिळत नव्हतं. माणूस कसा आहे हे न पाहता त्याचा पत्ता पाहिला जात होता. हे वाचताना राग येतो. सरकारकडे आणि बँकांकडे याचा जाब मागायलाच हवा, तो आपला नागरिक म्हणून हक्क आहे. राज्य सरकारने २००० साली मौलाना आझाद आर्थिक विकास महामंडळ स्थापन केलं, तेही उपकार म्हणून नव्हे.

पण एक प्रश्न स्वतःलाही विचारायला हवा. साबू सिद्दीक संस्थेत पुढे पदविका आली, १९८४ साली अभियांत्रिकी महाविद्यालय झालं. अभिमान वाटावा अशीच ही वाटचाल. मात्र पदविकेला दहावी लागते, पदवीला बारावी. आठवीत शाळा सोडून कारखान्यात बसलेला मुलगा आणि घरात बसून शिलाई करणारी त्याची आई, यांच्यासाठी दार कुठे आहे? आपल्या संस्था वर चढत गेल्या, खालची पायरी मोकळी राहिली. त्या पायरीवर आपण राशनचं किट ठेवलं.

किट वाईट नाही. भुकेल्याला आधी अन्नच द्यावं. पण एक हदीस आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. एक गरजू अन्सारी मागायला आला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याच्याच घरातली चादर आणि वाटी आणवून तिचा लिलाव केला. दोन दिरहम आले. एकाचं घरी अन्न, दुसऱ्याची कुऱ्हाड. मग लाकडं तोडून विकायला पाठवलं. आपण त्यातला पहिला दिरहम दरवर्षी देतो, दुसरा विसरतो.

ईदनंतर आम्ही काही शिक्षकांनी जकातीचे पैसे एकत्र केले आणि त्या बाईंना एक जुनी जुकी मशीन घेऊन दिली. नव्या मशीनसाठी कर्जाचा अर्जही आणला. अर्ज मराठीत होता. तो तिच्या मुलाने भरला. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, ते मी दुरुस्त केलं. कर्ज अजून मंजूर झालेलं नाही, जामीनदार मिळत नाही. या रमजानमध्ये मात्र ती रांगेत नव्हती. आणि मुलगा दहावीत बसला आहे.