कंडी, वावडी आणि फॉरवर्ड

ज्या गावाच्या नावातच बाजार आहे, त्या शेलूबाजारच्या श्रोत्यांना बाजारगप्पा म्हणजे काय, हे सांगावयास नको. जिथे चार माणसे जमतात, तिथे मालाबरोबर बातमीही हातोहात जाते. आणि या खऱ्याखोट्या बातमीसाठी मराठीने शब्द तरी किती घडविले! कंडी पिकते, आवई उठते, पुडी सुटते, वावडी उडते. वावडी म्हणजे पतंग. ‘अफवा’ हा शब्द फारसीच्या वाटेने अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ ‘तोंडे’ असा अनेकवचनी आहे. एका तोंडाने अफवा होत नाही, हे भाषेने आधीच सांगून ठेवले आहे.

या जुन्या शब्दांत एक मर्म आहे. कंडी पिकते, तशी ती कोणीतरी पिकवितो. पुडी सुटते, तशी कोणीतरी सोडतो. म्हणून ‘कोणी पिकविली?’ हा प्रश्न सहज ओठांवर येतो.

हा प्रश्न वेळीच न विचारल्यास काय होते, हे इतिहास सांगतो. 1761 साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण ते जिवंत असल्याची आवई वर्षानुवर्षे फिरत राहिली. आवई खोटी, पण लोकांची आशा खरी होती. त्या आशेच्या बळावर एका तोतयाने 1776 साली फौज जमवून कोकणातले किल्ले घेतले. त्याच वर्षी त्याला देहान्त शासन झाले. पण तोवर एका आवईपायी पेशव्यांच्या राज्यात रणे माजली होती.

आता आपल्या काळाकडे वळू. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याचा तो आठवडी बाजार. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, असे संदेश तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरत होते. भिक्षेकरिता आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे पाठविण्यास बंदी घातली.

या नव्या आवईचे शब्द पाहा. ‘फॉरवर्ड आला’, ‘व्हायरल झाला’. ‘व्हायरल’ आपल्याला आधी तापामुळे ठाऊक झाला. आणि ताप येतो, तो कोणी पाठवीत नाही! या बोलण्यात कर्ताच उरलेला नाही. ‘जसे आले तसे पुढे पाठविले’, एवढे म्हटले की पाठविणारा मोकळा.

तेव्हा पुढचा संदेश हाती येईल, त्या वेळी आपल्या आजीचाच प्रश्न विचारावा : ‘ही कंडी कोणी पिकविली?’ पिकविणारा सापडेलच असे नाही. पण ती पुढे नेणारा कोण, हे मात्र तत्क्षणी कळेल.