मुळें गमावलेल्या आमरीची शुश्रूषा

संस्कृतांत ‘वन्दा’ म्हणजे दुसऱ्या झाडावर वाढणारी वनस्पति, आपलें बांडगूळ. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यास असलेले सर विल्यम जोन्स यांनीं हाच शब्द आमरीच्या एका प्रकारास लावला, आणि आज जगांतील बागांतून तो ‘व्हँडा’ याच नांवानें ओळखला जातो. पाश्चात्य ज्यास ऑर्किड म्हणतात तेंच हें आमरीचें कुळ. पावसाळ्याच्या तोंडीं कोंकणांत झाडांच्या खोडांवरून गुलाबी फुलांचे लांब घोस लोंबतात, ती सीतेची वेणी याच कुळांतली. परंतु तिला बांडगूळ म्हणणें हा तिच्यावर अन्याय होय. बांडगूळ झाडांत शिरून त्याचा रस शोषतें; झाडावरची आमरी केवळ आधार घेते. तिचीं मुळें उघड्या हवेंत असतात, आणि पाऊस, दंव व सालींत सांचलेला पालापाचोळा यांवर तिचा निर्वाह चालतो.

या मुळांची रचना नीट ध्यानांत घेतली पाहिजे, कारण पुढील सारा इतिहास तिच्याभोंवतींच फिरतो. मुळाच्या आंत एक बारीक, चिवट दोरा असतो. बाहेरून मृत पेशींचें पांढरें, स्पंजासारखें आवरण असतें. पाऊस पडतांच तें पाणी टिपून घेतें व हिरवट दिसूं लागतें. वारा लागला कीं पुन्हां पांढरें होतें. भिजणें आणि वाळणें हें आळीपाळीनें चालावें लागतें. तेंच मूळ सतत ओलें राहिलें तर हवा न मिळून कुजतें, आवरण गळतें व दोरा तेवढा उरतो. मग पाणी घेणारें कांहींच न राहिल्यामुळें पानें सुरकुततात. पाहणारास वाटतें, झाड तहानलें आहे. तो आणखी पाणी घालतो. आणि उरलेंसुरलें मूळही जातें. मायेनेंच मरण ओढवावें, असा हा प्रकार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांत ही चूक फार मोठ्या प्रमाणावर झाली. १८१८ सालीं विल्यम कॅटली या धनिकाच्या कांचगृहांत ब्राझीलची एक आमरी फुलली, आणि पुढें जॉन लिंडली या वनस्पतिशास्त्रज्ञानें तिला ‘कॅटलिया’ हें नांव दिलें. श्रीमंतांस या फुलांचें वेड लागलें. गलबतांत दीर्घकाळ कोंडून आलेलीं कित्येक झाडें मुळें गमावूनच बंदरास लागत. उष्ण देशांतील म्हणून त्यांस कुंड्यांत मातींत लावीत, त्या कुंड्या आंबणाऱ्या सालीच्या भुकटीच्या उबेंत पुरीत, आणि कांचगृहाचीं दारेंखिडक्या बंद करीत. १८३० सालीं खुद्द लिंडली यांनींही सावली, भरपूर उष्णता व भरपूर ओलावा हेंच पथ्य सांगितलें. खर्चांत कमतरता नव्हती, हौसेंतही नव्हती; तरी झाडें मरतच राहिलीं. रोगी आपल्या घरीं कसा राहत होता, एवढें मात्र कोणीं विचारलें नव्हतें.

तें विचारलें एका माळ्यानें. डेव्हनशायरच्या ड्यूकची चॅट्सवर्थ येथील बाग सांभाळणारे जोसेफ पॅक्स्टन यांनीं १८३५ सालीं जॉन गिब्सन या आपल्या हाताखालच्या माळ्यास हिंदुस्थानांत पाठविलें. तो खासी टेकड्या हिंडून १८३७ सालीं परतला. झाडें तर त्यानें नेलींच. पण तीं कशा हवेंत वाढतात ही माहितीही नेली. पॅक्स्टन यांनीं निरनिराळ्या जातींसाठीं कमीअधिक उष्णतेचीं गृहें राखलीं व झरोके उघडून वारा आंत घेतला. झाडें जगूं लागलीं.

१८५० सालीं जोसेफ हूकर त्याच टेकड्यांत गेले. निळी व्हँडा त्यांस दमट, अंधाऱ्या अरण्यांत नव्हे, तर ओकच्या झाडांवर ऊन, वारा व थंडी अंगावर घेत वाढतांना आढळली. तरीही त्यांनीं क्यू येथील बागेसाठीं सात माणसांच्या ओझ्याइतकीं झाडें काढलीं, आणि त्यांतलीं थोडींच इंग्लंडास जिवंत पोंचलीं. दुसऱ्या एका गृहस्थानें धाडलेलें एकाच माणसाचें ओझें अगदीं वाईट स्थितींत पोंचूनही ३०० पौंडांस विकलें गेलें. एवढी किंमत आल्यावर अर्धमेल्या झाडास वांचविण्याची विद्या वाढीस लागली, यांत नवल नाहीं.

ती विद्या थोडक्यांत अशी: कुजलेलीं मुळें स्वच्छ सुरीनें काढून टाकावीं व जखम वाळूं द्यावी. झाड मातींत पुरूं नये; सावलींत ठेवावें, भोंवतालची हवा दमट असावी, पण झाडाचें अंग ओलें राहूं नये. खत मुळींच घालूं नये. घेणारें मूळच नसतांना तें द्यावयाचें कोणास? कॅटलियासारख्या जातींच्या फुगीर खोडांत पाणी व अन्न सांठविलेलें असतें, त्या पुंजीवर त्या बरेच दिवस काढतात. व्हँडाजवळ तशी पुंजी नसल्यानें तिला वांचविणें अधिक कठीण. आणि मग वाट पाहावी. कित्येकदां महिने जातात. शेवटीं नव्या कोंबाच्या बुडाशीं किंवा खोडाच्या पेऱ्यावर मुळाचें हिरवें टोंक दिसतें. तेव्हां झाड लांकडास बांधावें, आणि मूळ जसजसें वाढेल तसतसें पाणी वाढवावें.

या विद्येनें कांचगृहांतील झाडें वांचलीं, रानांतलीं वांचलीं नाहींत. आल्बर्ट मिलिकन या संग्राहकानें १८९१ सालच्या आपल्या पुस्तकांत कोलंबियांतील हकीकत दिली आहे: सुमारें १०,००० रोपांसाठीं सुमारें ४,००० झाडें तोडलीं. म्हणजे आमरीच्या मुळांबरोबर तिचें घरही गेलें. तिचें बीं रुजण्यास बुरशीचें साहाय्य लागतें हें नोएल बर्नार्ड यांस १८९९ सालीं उमगलें, आणि १९२२ सालीं लुईस नडसन यांनीं साखर घातलेल्या माध्यमावर बुरशीवांचून बीं रुजविण्याची रीत प्रसिद्ध केली. तेव्हां कोठें रान न लुटतां आमरी वाढविण्याची वाट मोकळी झाली. १९७५ सालीं अमलांत आलेल्या आंतरराष्ट्रीय करारानें रानांतील आमऱ्यांच्या व्यापारावर नियंत्रणही आलें.

आज पुण्यामुंबईच्या रोपवाटिकांत मिळणारी आमरी बहुधा प्रयोगशाळेंत जन्मलेली असते. तरीही घरीं आणल्यावर ती रोजच्या पाण्यानें कुजून मरते, हें आपण पुष्कळ घरांतून पाहतों. आमच्या भाषेंत रोग्याच्या सेवेस शुश्रूषा म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. चॅट्सवर्थच्या माळ्यास संस्कृत येत नव्हतें. पण झाडास काय द्यावें हें ठरविण्यापूर्वीं तें कोठें व कसें राहत होतें, हें त्यानें विचारून घेतलें. सुरकुतलेलें पान पाहून पाण्याचा तांब्या हातांत घेण्याआधीं एकदां मुळाकडे पाहावें, एवढाच या इतिहासाचा आपल्यापुरता बोध आहे.